पाहुण्यांचं समाधान

शाळेच्या ओसरीवर, गावच्या सगळ्या बायांसमोर, एका पाहुणीने माझ्या आईचे हात धरले आणि साबण लावून घासायला सुरुवात केली. बादली मीच आणून ठेवली होती. फोटोही मीच काढत होतो.

"पाहा, नखांत किती मळ आहे," ती बाकीच्यांना इंग्रजीत म्हणाली. "यांना कुणी शिकवलंच नाही."

बाई बंगळूरची. सुट्टीवर आलेली. सकाळी समुद्र, दुपारी गावाची सेवा. केरीतल्या ज्या गेस्ट हाउसात मी कामाला होतो, तिथे असे गट येत. शिरगावकडे खाणीवरची माझी कारकुनी गेली, तेव्हा तिथल्या मालकाने मला ठेवून घेतलं. गाडी चालवायची, गावात माणसं जमवायची, इकडचं बोलणं तिकडे सांगायचं. पाहुण्यांना मी पेडण्यातल्या माझ्याच गावात नेलं. तिथे मला कुणी नाही म्हणत नव्हतं.

काजूचे दिवस होते. बिया भाजून फोडताना टरफलातला डीक बोटांना लागतो. कातडी काळी पडते आणि नवी येईपर्यंत काळीच राहते.

आई म्हणाली, "तिका सांग रे, काजीचो डीक हो. साबवान जाना नाय."

मी सांगितलं नाही. पाहुणी खट्टू झाली असती, मालक चिडला असता. मी भाषांतर केलं, "आजी म्हणतात, खूप बरं वाटलं."

पाहुणीचे डोळे भरले. "तुम्ही ओळखता यांना?"

"गावातल्याच आहेत."

आईला इंग्रजी येत नाही. माझं तोंड मात्र तिला वाचता येतं. तिने हात सोडवून घेतले नाहीत. माझ्या नोकरीसाठी.

संध्याकाळी पाहुणे गोल बसत. सेवेतून काय मिळालं, ते एकेकाने सांगायचं. ती बाई म्हणाली, "ऑफिसात मी नसले तरी कुणाचं अडत नाही. आज कुणाला तरी माझी गरज होती." खोटं बोलत नव्हती. एकटी होती, ते दिसत होतं. पण तिला बरं वाटावं म्हणून माझी आई घाणेरडी असावी लागत होती. आणि मी गप्प राहून ती तशी ठरू दिली होती.

गावात चेष्टा झालीच. विहिरीवर शेजारीण ओरडली, "काय गो, आता तोंड धुवक कोण येतला?" आई हसली. घरी माशाचं हुमण वाढताना मात्र तिने बोटं पदराखाली घेतली. स्वतःच्या घरात. माझ्यासमोर.

पुढचा गट आला. पाहुणे चहा घेत होते. मालक मला म्हणाला, "त्या काळ्या हातांच्या आजींना परत आणा. मागच्या लोकांना तेच सगळ्यात आवडलं. आणि हो, हात धुवून येऊ नका म्हणावं." तो हसला. सवयीने मीही हसायला लागलो.

अर्ध्यात थांबलो. पाहुण्यांकडे वळून इंग्रजीत बोललो. "मागच्या गटाने गावात जिचे हात धुतले, ती माझी आई आहे. तिच्या हातांना मळ नव्हता, काजूचा डीक होता. मी खोटं भाषांतर केलं. ती येणार नाही."

एका मुलाने विचारलं, अगदी मनापासून, "मग आम्ही काय करायचं?"

"सुट्टीवर आलात ना? सुट्टी घ्या."

मालकाने मला कोपऱ्यात ओढलं. "तुझं घर कुणामुळे चालतं रे?" मी गाडीची चावी त्याच्या हातात दिली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. शाबासकीची आशा होती, खोटं का बोलू? ती बिया फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेवा माका आवस म्हणाक काय झाला होता तुका?"

ओसरीवर 'ही माझी आवस, माझी आई' एवढंच तर म्हणायचं होतं.

मालकाने आता दुसरा माणूस शोधलाय. गट पुन्हा आमच्या शाळेत येणार आहे. मी घरोघरी जाऊन सांगितलंय, संध्याकाळी ते गोल बसून आपल्याबद्दल काय बोलतात ते. काही बाया तरीही जाणार आहेत. जाऊ देत. मीही जाणार आहे. त्यांच्या रांगेत बसणार आहे. पाहुणे बोलतील ते बायांना सांगणार, बाया बोलतील ते पाहुण्यांना. शिव्यांसकट. एक शब्द गाळणार नाही. मग कुणाला बरं वाटो, न वाटो.