माझा गळा कशातून बघणार?

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी गाड्यांचे सुटे भाग तपासतो. दिवसभर डोळा सूक्ष्मदर्शकाला, नाहीतर कॅमेऱ्याच्या पडद्याला. त्यामुळे चेन्नईतल्या दवाखान्यात माझ्याच गळ्याचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा सवयीने मी मनात शेरा मारला: रिजेक्ट.

डॉक्टरांनी नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण घातली होती. डाव्या स्वरतंतूवर पांढरा डाग होता, सायीचा तुकडा चिकटावा तसा. त्यांनी बटण दाबून उजेड निळसर हिरवा केला आणि मघाशी जिथे सगळं स्वच्छ दिसत होतं, तिथेही डागाच्या कडेने तपकिरी ठिपके उमटले. एवढा वेळ ते तिथेच होते, साध्या उजेडात दिसत नव्हते इतकंच. ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

तुकडा तपासायला गेला. कर्करोग निघाला, अगदी सुरुवातीचा. लेसरने काढू, डॉक्टर म्हणाले. कमी काढला तर रोग मागे उरेल, जास्त काढला तर आवाज जाईल.

माझी आई, जिला आम्ही सगळे अम्मा म्हणतो, काचबिंदूने आंधळी झाली आहे. माणसं ती आवाजावरूनच ओळखते. आमची तंजावरची जुनी, तमिळ मिसळलेली मराठी तिच्याशी आता मी एकटाच बोलतो. बायको पुण्याची, तिची मराठी अम्माला रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटते. मुलगी तमिळमध्ये सुखी आहे. माझा आवाज गेला तर अम्मा आपल्याच घरात परकी होणार.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी विचारलं, "काही शंका?" लोक पथ्य विचारतात, सुट्टी किती घ्यावी ते विचारतात. मी विचारलं, "बघणार कशातून?" बायकोने टेबलाखालून चिमटा काढला.

डॉक्टर रागावले नाहीत. तमिळमध्ये नीट समजावू लागले. तोंडातून सरळ नळी घालायची, वर सूक्ष्मदर्शक, त्यातूनच लेसर. किती खोल ते उत्तम कळतं. पण समोर सरळ रेषेत असेल तेवढंच दिसतं. दुसरी तऱ्हा म्हणजे वर टांगलेला कॅमेरा आणि मोठा पडदा. खास चष्मा लावून खोलीतले सगळेच बघू शकतात, मानही अवघडत नाही.

"पण अरुंद नळीत उजेड कमी पडतो," मी म्हणालो. "मोठं करून बघितलं की पडद्यावर चित्र रवाळ होतं. आमच्याकडे होतं."

"आमच्याकडेही होतं," ते म्हणाले.

"आणि सूक्ष्मदर्शकाला खालची कड दिसली नाही तर?"

"तिथे तिरकं बघणारी दुर्बीण घालणार, निळ्या उजेडात. कापायच्या आधी आणि कापून झाल्यावर. कापणार मात्र सूक्ष्मदर्शकातूनच. माझ्या हाताला त्याची सवय आहे."

उत्तर चोख होतं. तरी माझी शंका फिटली नाही. कारखान्यात शंका आली तर मी भाग बाजूला ठेवून दुसरा मागवतो. इथे दुसरा कुठून मागवायचा?

शस्त्रक्रियेच्या सकाळी घरातून निघताना मी नेहमीसारखं म्हटलं, "येतों, अम्मा." ती म्हणाली, "ये." हेच तिला ऐकू गेलेले माझे शेवटचे शब्द ठरले तर, हा विचार मग ऑपरेशनच्या टेबलापर्यंत माझ्याबरोबर आला. डोक्यावर प्लास्टिकच्या आवरणात सूक्ष्मदर्शक लटकत होता. जन्मभर मी त्याच्या वरच्या बाजूला बसलो, त्या दिवशी खाली पडलो होतो. मी भयंकर घाबरलो होतो. एवढ्यात भूल चढली.

पुढे बोलायची बंदी होती, कुजबुजायचीसुद्धा. अम्माला कळावं म्हणून मी खोलीत शिरताना टाळी वाजवायचो. ती मान वळवायची. तपासणीत कापलेल्या कडा स्वच्छ निघाल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही, कारण आवाजाचं अजून कुणीच काही सांगत नव्हतं.

बंदी उठली त्या दिवशी मी टाळी न वाजवता तिच्या खाटेशी गेलो. "अम्मा," मी म्हटलं. निघालं ते घोगरं, अर्धं वारा आणि अर्धं खरखर.

तिने हात आखडून घेतला. "कोण तें?"

काय बोलावं सुचेना, म्हणून सकाळच्या जेवणातल्या आंबट साराचंच बोललो. "मीच कीं, अम्मा. आज साराला चिंच पुरली काय गे?"

मग खाटेवर सरकून तिने मला जागा केली.

"गळा कुणाचा कीं, ठाऊक नाहीं," ती म्हणाली. "बोलणं आमचंच. बस इथें. बोलत राहा रे, मला सवय होऊं दे."