देवगावच्या स्टँडवरचे अडीच तास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि तुम्हाला सांगतानाही मनात येतंच — हा माणूस कुठं बोलणार तर नाही ना? बघा, असा आहे मी. दूधवाला हसला तरी आधी पातेल्यात डोकावणारा.

नोकरीही तशीच मिळाली. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत मी हजेरी बघायचो. कारागीर एसटीनं गावोगाव जायचे. नियम साधा — गेटातून निघाल्यापासून परत गेटात येईपर्यंतचा प्रवास कामात धरायचा, आणि आठ तासांवर गेला की ओव्हरटाइम. म्हणजे बसमध्ये डुलक्या काढायच्या आणि वर ओव्हरटाइम! मला ते सोसायचंच नाही. खुर्चीत मान मोडणाऱ्याला कोण विचारतं?

त्या कारागिरांत शेख रफिकभाई होते. हर्सूलचे, पन्नाशी उलटलेले, हाताला गुण. पण देवगाव रंगारीला गेले की दर खेपेला अडीच तास जास्तीचे. काम तीनला संपल्याची व्यापाऱ्याची सही, परतीची वाट फार तर दोन तासांची, आणि गेटात हजर साडेसातला. फॉर्मवर कारण? 'बस मिळाली नाही.' देवगावाहून बस मिळत नाही? कुणाला सांगतो! हा बाबा तिथं खासगी कामं उरकतो, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. हळूच साहेबांच्या कानावर घातलं. शुक्रवारी समोरासमोर विचारू, साहेब म्हणाले.

आता पुरावा हवा. बुधवारी त्यांचा देवगावचा दौरा होता; मी ताप आल्याचं कळवलं आणि गारखेड्याच्या घरून स्कूटरनं थेट देवगाव गाठलं. तोंडाला रुमाल, स्टँडसमोरच्या हॉटेलात कोपऱ्यातलं बाकडं. लाज वाटायला हवी होती ना? मजा येत होती, खरं सांगतो.

सव्वातीनला रफिकभाई आले. खांद्याला हत्यारांची पिशवी, दोन्ही हातांत काटा तपासायची लोखंडी वजनं — वीस-वीस किलोची. बस आली. त्यांनी वजनं दारापर्यंत उचलली. कंडक्टर वरूनच ओरडला, "हे लोखंड नाय चालत, दुसरी बघा!" वजनं पुन्हा खाली. दुसरी बस — तेच. तिसरी — तेच. मग ते एका वजनावरच टेकले आणि मनगट चोळत बसले. पावणेसहाला एका वयस्कर कंडक्टरनं त्यांना वर घेतलं.

अडीच तास. फॉर्मवर होते तेवढेच.

तेव्हा आणखी एक उलगडलं. बाकीचे कारागीर वेळेवर परतायचे, कारण ते वजनं नेतच नसावेत — अंदाजानं काटा लावून मोकळे. हा एकटा माणूस इमानानं लोखंड वाहत होता, आणि मी त्यालाच चोर ठरवलं होतं.

शुक्रवारी रफिकभाईंनी साहेबांना हेच सांगितलं, की वजनं बघून कुणी बसमध्ये घेत नाय. साहेब हसले. म्हणाले, बाकीच्यांना कसं घेतात मग? रफिकभाई माझ्याकडं वळले. "जोशीसाहेब, तुम्ही रोज फॉर्म बघता. तुम्ही सांगा."

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — मी पाहिलंय. पण मग ताप खोटा ठरला असता. चोरून पाळत ठेवणारा म्हणून सगळ्या ऑफिसात शोभा झाली असती. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, मी चुकलो हे कबूल करावं लागलं असतं. मी रजिस्टरचं पान उलटलं. त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं.

रफिकभाईंचे दौरे बंद झाले. स्टोअरमध्ये बसवलं. ज्याच्या हातात एवढी कारागिरी, तो डबे मोजत बसला. दोन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी आले, माझा हात दोन्ही हातांत धरला. तळहाताला जाड घट्टे.

"सगळ्यांनी शक घेतला साहेब. एक तुम्हीच माझ्याविरुद्ध शब्द काढला नाय. लई मोठं मन तुमचं."

"असू द्या, रफिकभाई," मी म्हणालो.

परवा हर्सूलला रस्त्यात भेटले. सोबत जावई होता. त्याला म्हणाले, "हेच ते जोशीसाहेब." जावयानं वाकून सलाम केला.

मी तो घेतला.