खाटेएवढी पडीक जागा

मुक्ताईचा नवरा सीताराम एकाहत्तरच्या लढाईत जम्मूच्या सरहद्दीवर छंबला पडला, तेव्हा बुद्धभूषण पाळण्यात होता. लढाई थांबली आणि छंब पलीकडच्या मुलखात राहिलं. देह आला नाही. आली ती तार, आणि पुढे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली नोकरी. हिंगणघाटकडची काळी माती मागे टाकून, पोराला कडेवर घेऊन ती पुण्याला आली आणि कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तिची उमर गेली.

तिच्या गावची एक रीत होती. शेतात कोणी वीज पडून, साप चावून गेला, तर तेवढी खाटेएवढी जागा नांगरत नाहीत. औत तिला वळसा घालून जातं. तिथे गवत वाढतं आणि घरचं माणूस कधीमधी येऊन त्या गवताशेजारी घटकाभर टेकतं. मुक्ताईला वाटे, पलीकडेही शेती करणारी माणसंच आहेत. त्यांनीही जागा सोडली असेल. ती एकदा डोळ्यांनी बघायची, लांबून का होईना.

ती निवृत्त झाली तेव्हा भूषण हिंजवडीच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. क्वार्टर सोडून ती त्याच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली.

"आई, आता तू फिरायचं. सिंगापूर बघ," तो म्हणाला.

"मला छंब बघायचंय."

भूषणने सुनेकडे, मैत्रीकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत होती. "सिंगापूर काही पळून जात नाही," ती म्हणाली.

लक्ष्मी रोडवरच्या प्रवास कचेरीत अनंतराव म्हणून एक गृहस्थ बसत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आजी, अमृतसर आहे, जम्मू आहे. रणांगणच हवं असेल तर पानिपत दाखवतो. वाटेवर आहे."

"तिथे माझं कोण आहे?"

अनंतरावांचा चष्मा खाली आला. "जम्मूपर्यंत तिकीट काढून देतो," ते हळू म्हणाले. "पुढचं फौजेला विचारावं लागेल आपल्याला."

भूषणने विचारलं. पत्रं लिहिली, फोन केले, आणि माघात परवानगी आली. मायलेक झेलम एक्स्प्रेसने निघाले. डब्यात देवीला जाणारा घोळका होता. त्यातल्या एकीने विचारलं, "तुम्हीपण मातेलाच का हो?"

"नाही बाई. माझ्या माणसाकडे."

सरहद्दीवर, तवी नदीच्या काठावर फौजेची चौकी होती. सुभेदाराने मुक्ताईला बसायला खुर्ची दिली, दुर्बीण दिली आणि नदीपलीकडे बोट केलं. "वही है, माताजी."

पलीकडे गहू होता. गुडघ्याएवढा, हिरवागार, वाऱ्याबरोबर एका अंगावर झुकणारा. एक माणूस खांद्यावर फावडं टाकून बांधावरून चालला होता. मुक्ताईने दुर्बीण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, मग उलटी आणली. खंड कुठे नव्हता. पेरा थेट काठाला येऊन टेकला होता.

"सगळंच पेरलंय," ती म्हणाली.

"आई, इतकी वर्षं झाली. त्यांना काय माहीत..."

"सांगायलाच कोणी गेलं नाही रे त्यांना."

ती खुर्चीवरून उठली आणि नदीकडे तोंड करून वाळूत बसली. भूषणही बूट काढून शेजारी बसला. पलीकडच्या माणसाने पाण्याचा दांड फोडला, दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवलं. तो एकदा कमरेवर हात ठेवून इकडे बघत उभा राहिला. साद घातली असती तर वाऱ्याने मधेच गिळली असती. सुभेदार निघा म्हणाला तेव्हा तिने त्याला एवढंच विचारलं, तिकडचा गहू कापतात कधी.

वाकडला परतल्यावर शेजारच्या हेमाने कौतुकाने विचारलं, "काकू, काय काय पाहिलंत?"

"गहू."

हेमा पुढचं ऐकायला थांबली. मुक्ताई आत निघून गेली.

फाल्गुन सरत आला. एका रविवारी भूषण लॅपटॉप उघडून बसला होता. मुक्ताई समोर येऊन उभी राहिली.

"वैशाखात जाऊ."

"कुठे?"

"तिकडे. कापणी झाली की वावर मोकळं होतं. उभ्या पिकात गवत कसं दिसणार? हिरव्यात हिरवं."

भूषणने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दारात मैत्री उभी होती, तिने मानेनेच त्याला थांबवलं. तो परत लॅपटॉपकडे वळला आणि झेलमच्या तारखा बघू लागला.