डोब्रिलाचा न वाचलेला निरोप

सर्बियातल्या आमच्या डोंगराळ गावच्या इस्पितळात एकतीस वर्षं सिस्टर म्हणून राबलेल्या डोब्रिलाला एक वाईट खोड होती. सही केली की ती पाळायची.

रुग्णांची माहिती बाहेर फुटू नये म्हणून वरून नवं सुरक्षित अ‍ॅप आलं. यापुढे निरोप फक्त त्यावरच, अशा कागदावर झाडून सगळ्यांनी सह्या ठोकल्या आणि सगळे फोनवरच्या जुन्या गप्पांच्या ग्रुपवरच राहिले. आपल्याकडे नियम सहीपुरतेच असतात. ग्रुपमधून बाहेर पडली ती एकटी डोब्रिला.

"अगं, सहीचं काय एवढं? लग्नातही करतातच की!" मुख्य सिस्टर राडोयका हसली.

"मी तीही पाळली," डोब्रिला म्हणाली.

डिसेंबरात, संत निकोलाच्या दिवशी दुपारी तिला मिलोवानचा पाय गार लागला. मिलोवान निवृत्त बसचालक. आदल्याच दिवशी डॉक्टर वुक्सान यांनी त्याच्या पायाची रक्तवाहिनी मोकळी केली होती. आता पावलाची नाडी लागेना. ड्यूटीवरचा डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेला. वुक्सान घरी, कुलदैवताच्या सणात. दोनदा फोन केला, गाण्याबजावण्यात कोणी उचलला नाही. मग तिनं त्यांना अ‍ॅपवर लिहिलं: "खाट तीन. पाय गार, नाडी नाही. ताबडतोब या."

त्याच घटकेला वुक्सान जुन्या ग्रुपवर तळलेल्या माशांच्या ताटाचे फोटो टाकत होते.

मिलोवानचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

चौकशीत वुक्सान यांनी कानांवर हात ठेवले. "ते अ‍ॅप मी उघडलेलंच नाही. सिस्टर, ग्रुपवर टाकलं असतंत तर धावत आलो असतो!"

"ग्रुपला बंदी आहे ना, डॉक्टर?"

समितीचे अध्यक्ष खोकले. टिपणं घेणाऱ्या बाईंना म्हणाले, "ग्रुपचं लिहू नका."

अहवालात एवढंच उरलं: सिस्टरने वेळेत कळवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! डोब्रिलाची उचलबांगडी धुलाईघरात झाली. मिलोवानची बायको जिन्यात भेटली, तिच्या पायाशी थुंकून गेली. डोब्रिलानं कधी कुणापुढे डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं.

फेब्रुवारीत अ‍ॅप सक्तीचं झालं. चादरींच्या घड्या घालताना तिचा फोन वाजला. वुक्सान यांनी अखेर ते उघडलं होतं आणि साचलेल्या निरोपांना न वाचताच पोच देत सुटले होते.

"पाय गार, नाडी नाही. ताबडतोब या."

त्याखाली डॉक्टरांचा पिवळा अंगठा उमटला होता.