आठ जणायची एकच पाटी

"याला बांधा. वजन बरोबर आहे."

साहेबानं माह्याकडं बोट दाखवून असं म्हणलं. भर दुपारी, सगळ्यायसमोर. मुंबईपासून लय दूर, समुद्रात उभ्या केलेल्या तेलाच्या लोखंडी फलाटावर. त्या दिवशी आगीची कवायत होती. कवायतीत जखमी माणूस म्हणून एक रबरी पुतळा राहे, पोटात रेती भरलेला. तो पुतळा फाटला होता, दुरुस्तीले किनाऱ्यावर गेला होता. त्याच्या जागी मी.

मी काय केलं असंन? हासलो. सोताहून जाऊन स्ट्रेचरवर निजलो. जीभ बाहेर काढली, डोळे फिरवले अन् म्हणलं, "साहेब, मडकं कोण धरते?" सगळे हासले. साहेब बी हासला. मले लय बरं वाटलं. मी हावोच तसा. शाळेत चार दिवस गेलो, त्यातले दोन दिवस मास्तर आला नाई. लिहिता येत नाई, वाचता येत नाई. लोकं हासले की मले वाटे, आपल्याले बी काई येते.

मले पट्ट्यानं आवळून बांधलं. क्रेननं वरून खाली सोडलं. दोन डाव लोखंडावर आपटलं. मंग स्पीकरवर आवाज आला, "हजेरी पूर्ण. कवायत संपली." अन् सगळे चहाले गेले.

मी तसाच बांधलेला. उन्हात. लोखंड तव्यावानी तापलेलं. म्या आवाज देल्ला, "ओ, मुर्दा जित्ता हाये!" कोणी हासलं नाई. कोणी होतंच नाई तं हासन कोण?

अर्ध्या घंट्यानं रशीदभाई आला. आमच्याच टोळीतला, वरूडचा. पयले तिकडं संत्र्याच्या पेट्या भरे, मंग माह्यासोबत समुद्रात आला. त्यानं पट्टे सोडले अन् म्हणे, "तू तं इथं बांधला होता बे. मंग हजेरी पूर्ण कशी झाली?"

म्या म्हणलं, "मले एका टायमाले दोन जागी राहता येते, भाई."

तो हासला नाई.

हजेरी कशी पूर्ण झाली, थे सांगतो. फलाटावर एक फळा हाये. त्यावर खिळे अन् खिळ्यायले पाट्या. भोंगा वाजला की जो तो आपल्या नावाची पाटी उलटी करते अन् जीव वाचवाच्या बोटीपाशी जाते. उलटी नसंन, तं तो माणूस आला नाई. मंग त्याले धुंडाले लोकं जातात. साहेबाची पाटी, इंजिनेराची पाटी, कायम नोकरीतल्या आचाऱ्याची बी पाटी. आमी आठ जण, गंज खरवडून रंग माराले, ठेकेदाराचे. आमची आठ जणायची एकच पाटी. 'पेंटिंग – ८.' थे पाटी मुकादम उलटी करे. झाले आठ.

मुकादम आमच्याच बार्शीटाकळीचा. त्याले म्या एक डाव विचारलं होतं, तं तो म्हणे, "सोंगणीले टोळी जाते तवा कोणी नावं लिहिते का बे?" आमाले बी पटलं. आमी वावरातलेच लोकं. टोळी ठरवाची मुकादमासंग, मोजाचं मुकादमानं. पण वावर बुडत नाई, वावरात गॅस फुटत नाई, एवढी गोष्ट आमच्या ध्यानात आली नाई. मी तं गावात येऊन याची गंमत सांगत होतो. माह्या म्हशीच्या कानात सरकारचा पिवळा बिल्ला हाये, त्यावर तिचा एकटीचा नंबर हाये. मी सांगो, "म्हैस मेली तं सरकारले समजते. मी मेलो तं आठात एक कमी, थे बी मुकादमाच्या ध्यानात आलं तं." लोकं पोट धरून हासत. मी अजून रंगवून सांगो.

अन् मंग एक दिवस भोंगा खराच वाजला. सकाळचा टाइम. गॅस गळून राहिला होता.

सगळे पळाले. मुकादमानं पाटी उलटी केली. आमी बोटीत जाऊन बसलो, पट्टे बांधले. म्या आमच्या टोळीचे मोजले. सात. अजून मोजले. सातच. रशीदभाई नव्हता. तो खालच्या टाकीत उतरला होता गंज ठोकाले, कानाले आवाज बंद कराचे डबे लावून. मले माहीत होतं. म्याच त्याले सकाळी शिडी धरून देल्ली होती.

म्या तोंड उघडलं. अन् माह्या तोंडातून काय निघालं?

"आमचा मिया नमाजाआधीचा वजू कराले गेला दिसते, पाणी लय हाये इथं."

लोकं हासले. भेलेले लोकं लवकर हासतात. बाहेरून साहेबानं विचारलं, "पेंटिंग पूर्ण?"

मुकादम म्हणे, "पूर्ण."

अन् मी चूप. मुकादमानं पूर्ण म्हणल्यावर मी कोण? मी तं पुतळा. माह्या जिभेवर 'सात' हा शब्द होता अन् म्या तो गिळला.

गळती लहानच निघाली. वीस मिनिटात बंद झाली. पण तेवढ्यात रशीदभाई टाकीतून वर आला. पायते तं सगळं रिकामं. भोंगा वाजून राहिला, माणूस एक नाई. त्याले वाटलं, सगळे आपल्याले टाकून गेले. तो पळत सुटला. रस्त्यातली पायाखालची लोखंडी जाळी आमीच रंगासाठी काढून ठेवली होती. तिथून तो खालच्या मजल्यावर पडला. कंबर मोडली.

सुट्टीवर आलो तं त्याले पाहाले वरूडले गेलो. एसटीत बसून गमती जमवत होतो, त्याले हासवाले. तो बाजेवर पडला होता. बाहेर संत्र्याचा ट्रक भरून राहिले होते, पेट्यायचा आवाज आत येत होता. म्या पयली गंमत काढाच्या आत तो म्हणे, "तू बोटीत होता ना बे?"

"होतो."

"मी नव्हतो, थे दिसलं नाई तुले?"

खोटं बोलता आलं असतं. गर्दी होती म्हणलं असतं, धूर होता म्हणलं असतं.

"दिसलं होतं," म्या म्हणलं.

त्यानं तोंड छताकडं केलं. मंग म्हणे, "मले वाटे कोणालेच दिसलं नसंन. तेवढ्यावर झोप लागे मले."

त्याच्या बायकोनं चहा आणला. तो म्हणे, "पिऊन जा." पिऊन जा, एवढंच. पुन्हा ये, असं म्हणला नाई. अन् कावून म्हणावं त्यानं?

त्याच्यानंतर पंधरा दिवसानं बाजाराच्या दिवशी मुकादम बार्शीटाकळीच्या हॉटेलात कागद घेऊन आला. सोबत शाईचा डबा. समुद्रातल्या कामगारायच्या सुरक्षेचे नियम बदलून राहिले होते, अन् सरकारनं कामगारायले विचारलं होतं, या नियमानं कोणावर अन्याय होते काय. सुट्टीवरचे सगळे बोलावले.

"ये बे जोकर," मुकादम म्हणे, "पयला आंगठा तुहा."

मी गेलो. आंगठा शाईत बुडवला बी. सवयच थे. मंग हात तसाच वर राहिला.

"वाचून दाखव," म्या म्हणलं.

"तुले समजते काय त्यातलं?"

"नाई समजत. म्हणून तं वाच."

चार लोकं पाहून राहिले होते, म्हणून त्यानं वाचलं. "कायम कामगारांची हजेरी नावाने घ्यावी. कंत्राटी कामगारांची हजेरी तुकडीने, मुकादमामार्फत घ्यावी. या नियमाने कोणत्याही कामगारावर वेगळा परिणाम होत नाही. आम्हांस मान्य आहे."

म्हणजे आतापर्यंत जे मुकादमाच्या सोयीनं चालू होतं, थे आता कायद्यात लिहिणार. अन् लिहिणार आमच्या आंगठ्यानं.

म्या म्हणलं, "वेगळा परिणाम होत नाई? वरूडले जाऊन पाय. बाजेवर पडला हाये परिणाम."

"थे त्याची चुकी. भोंगा वाजला की यावं लागते."

"अन् नाई आला तं धुंडाले जावं लागते. तू पूर्ण म्हणला."

"तू बी तं बोटीत होता! तू कावून नाई बोलला?"

हे त्यानं बरोबर विचारलं. मांगून एक जण म्हणे, "अबे जाऊ दे, एखादी गंमत काढ." सगळ्यायचे तोंडं हासाले तयार होते. सवय म्याच लावलेली.

"मी भेलो म्हणून नाई बोललो," म्या म्हणलं. "अन् आंगठा नाई देत."

आंगठा सदऱ्याले पुसला. डाग गेला नाई. मुकादम म्हणे, "येत्या खेपेले तुहं काम नाई, समजला?" समजलं. बाकीच्यायनं आंगठे देल्ले. माह्याशिवाय अजून एकानं नाई देल्ला. देणाऱ्यायले मी नावं ठेवत नाई. मी बी इतके वर्स तेच केलं, वरून त्यायले हासवलं.

घरी सांगतलं तं बायको म्हणे, "आता आली अक्कल?" आता आली. दुसऱ्याची कंबर मोडल्यावर.

त्या कागदावर एक गोष्ट अजून होती, मुकादमानं न वाचलेली. हॉटेलात राहिलेली त्याची एक नक्कल मी अकोल्याले नेली, तिथल्या एका वकिलाच्या कारकुनानं वाचून दाखवली. ज्याले हरकत हाये, त्यानं मुंबईले येऊन तोंडी सांगावं. म्हणून हे मी सांगून राहिलो अन् तो लिहून राहिला. कागद पुढं जाईन. मांगून मी बी जाईन.

तिथं टेबलामांगं साहेब बसले असतीन. मी पयले माहा गुन्हा सांगीन. सात मोजले, अन् चूप बसलो. मंग त्यायचा सांगीन. आठ माणसायच्या आठ पाट्या मागीन, एक बी कमी चालणार नाई. कोणी हासलं, तं थांबीन. त्याचं हासणं पुरं होऊ देईन. अन् पुन्हा पयल्यापासून सांगीन.