मेलेला हिरो उठेपर्यंत माय खुर्चीवरून हलली नाही

मंडळी, आज दुपारी एकोडीहून मायला भंडाऱ्याला आणून सुपरहिरोचा सिनेमा दाखवला. तिनं आजवर रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकंच पाहिली. उडणारा माणूस पहिल्यांदाच.

जग वाचवताना शेवटी हिरो मेला. बाजूच्या खुर्चीवरची कॉलेजची पोरगी हुंदके देऊन रडू लागली. मायनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको बाई. आमच्या नाटकात मेलेला माणूस पडदा पडला का उठून चहा पेते. हा बी उठन."

पडद्यावर नावं सुरू झाली. मी म्हटलं, "माय, संपला सिनेमा. चाल."

"तो उठल्याबिगर मी नाही येत."

मी वैतागून बसले. आणि खरंच, नावं संपल्यावर पुन्हा चित्र आलं अन् हिरोनं डोळे उघडले! ती पोरगी मायला बिलगलीच.

माय पदर सावरत उठली. "म्या सांगतलं होतं ना? आता त्याले कोणी चहा तं पाजा."

सिनेमा तिला समजावून सांगायला मी सोबत गेले होते. सांगा बरं, कोणी कोणाला समजावला?