हनुवटीवरची सही

न्यूझीलंडमधल्या एका दप्तरखान्यात मी एकोणिसाव्या शतकातल्या माओरी सरदारणीचा अर्ज वाचत होतो. जमीन परत मागणारा. खाली कुणीतरी फिकट वेलबुट्टी गिरगटलेली दिसली. तिथं पेनला बंदी, पण माझ्या पेन्सिलीला मागे रबर होतं. नशीब, आधी टेबलामागच्या कर्मचारी बाईंना विचारलं, "हे पुसून देऊ?"

त्या शांतपणे उठून आल्या.

"पुसा. मग मलाही पुसा."

त्यांच्या हनुवटीवर तशीच वेलबुट्टी गोंदलेली होती.

"आमच्या खापरपणजीची सही आहे ती."

माझी सही दरवेळी निराळी येते. मलाच ओळखू येत नाही. त्या सरदारणीनं मात्र आपला चेहराच कागदावर काढून दिला होता. मी चाचरत माफी मागितली. त्या हसल्या, हनुवटीवरच्या रेघाही हलल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.